बिल्ज पंपाचा स्विच: बिघाड कुठे होतो, कसा शोधायचा, कसा टाळायचा

बोट बांधून निघताना आपण बॅटरीचा मेन स्विच बंद करतो. दिवे, रेडिओ, फ्रिज, सगळं बंद होतं. चालू राहतं ते बिल्ज पंपाचं, म्हणजे बोटीच्या तळात (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं, ऑटो सर्किट. ते तसं राहायलाच हवं, कारण बोटीवर कोणी नसताना तळात पाणी शिरलं तर ते उपसायला दुसरं कोणी नाही. पण याचा अर्थ असा, की बोटीतली चोवीस तास करंट असलेली वायर बोटीतल्या सर्वांत ओल्या, खारट, तेलकट जागी पडून असते. या सर्किटच्या बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच आहे. आणि दिवे गेले तर लगेच कळतं, तसं इथे काहीच कळत नाही. पॅनेलवरचा स्विच महिनोन्‌महिने ‘ऑटो’वर राहतो आणि खाली वायर कधीच कुजून गेलेली असते.

स्विच ऑटोवर आहे, पॅनेलवरचा दिवा लागतोय, मोटरचा आवाज येतोय, यातली एकही गोष्ट पंप चालल्याचा पुरावा नाही. बोटीच्या बाजूच्या तोटीतून पाणी पडतंय हा एकमेव पुरावा. खालची सगळी तपासणी त्याच हिशोबाने लिहिली आहे. उदाहरणं 12 व्होल्टच्या बोटीची आहेत. 24 व्होल्टला पद्धत तीच, आकडे त्या प्रमाणात बदलायचे.

आधी सर्किट डोक्यात बसवा

साध्या मांडणीत दोन वाटा असतात. ऑटोची वाट बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमध्ये, तिथून फ्लोट स्विचमध्ये (पाणी चढलं की तरंगून उचलला जाणारा आणि पंप चालू करणारा स्विच), तिथून पंपात आणि निगेटिव्हने परत बॅटरीकडे. ही वाट मेन स्विचच्या आधीच फुटलेली असते, म्हणून मेन स्विच बंद असला तरी ती चालू. मॅन्युअलची वाट पॅनेलवरून येते आणि फ्लोट स्विचला वळसा घालून थेट पंपाला भिडते. पॅनेलवर तीन जागांचा स्विच असतो: ऑटो, बंद, मॅन्युअल. चांगल्या स्विचमध्ये मॅन्युअलची बाजू स्प्रिंगची असते, बोटाचा दाब काढला की स्विच परत येतो, म्हणजे पंप कोरडा फिरत राहायची भीती नाही. ‘बंद’ ही जागा मात्र मला धोक्याची वाटते. साफसफाईच्या वेळी कोणीतरी स्विच बंदवर टाकतो आणि तसाच विसरतो. शक्य असेल तर ऑटोची वाट या स्विचमधून नेऊच नका. फ्यूजमधून थेट फ्लोटला द्या आणि पॅनेलवर फक्त मॅन्युअलचं बटण ठेवा.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या तीन वायरींच्या पंपांत बहुधा तपकिरी वायर मॅन्युअलची, पांढऱ्या पट्ट्याची तपकिरी ऑटोची आणि काळी निगेटिव्ह असते. पण बोट जुनी असेल तर मधे कोणी काय जोडलंय याचा भरवसा नसतो. रंगावर जाऊ नका, मीटरवर जा.

पॅनेलवरच्या दिव्याचंही एकदा नीट पाहून घ्या. बहुतेक पॅनेलमध्ये तो पंपाच्या वायरवर व्होल्टेज आलं की लागतो. पुढे वायर तुटलेली असो, मोटर जळलेली असो, पंख्यात चिंधी अडकलेली असो, दिव्याला त्याचं काही नाही.

बिघाड कुठे होतो

सर्वांत जास्त बिघाड जोडांमध्ये होतात. पंपाला आणि फ्लोट स्विचला कारखान्यातून जेमतेम हातभर वायर येते, त्यामुळे जोड तळातच पडतो. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर तो जोड किती महिने टिकतो एवढाच प्रश्न. टेप पाणी अडवत नाही, उलट आत धरून ठेवते. पाणी तांब्याच्या तारांमधल्या फटींतून वातीत तेल चढावं तसं आवरणाच्या आत चढत जातं. अशी वायर जोडापाशी कापून सोलली की आत चकचकीत तांब्याऐवजी काळपट तारा आणि हिरवट पूड दिसते. चार बोटं मागे सोला, तिथेही काळी. आणखी मागे सोलत गेलात तर कधी कधी वीतभर वायर काढून टाकावी लागते. बाहेरून आवरण अगदी नव्यासारखं असतं, म्हणून नुसतं पाहून काही कळत नाही.

त्यानंतर नंबर फ्लोट स्विचचा. साधा फ्लोट म्हणजे बिजागरीवर उचलला जाणारा पोकळ डबा. तो उचलला की आतली गोळी घरंगळून संपर्क जोडते. जुन्या स्विचमध्ये गोळीऐवजी पारा असायचा. तसा सापडला तर फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका, घातक कचऱ्यात द्या. बिजागरीत केस, दोरीचे धागे, रंगाचे पोपडे, तेलाचा राप जमतो आणि फ्लोट खाली चिकटतो किंवा वरच अडकतो. खाली चिकटला तर पंप चालत नाही, वर अडकला तर पंप थांबत नाही आणि बॅटरी बसते. यांत्रिक फ्लोटचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: बोटाने उचलून पाहता येतो.

फ्लोट मोकळा हलत असूनही पंप चालत नसेल तर संपर्क जळलेले असण्याची शक्यता मोठी. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि बंद होताना संपर्कांत ठिणगी पडते. डीसी करंटची ठिणगी विझायला चिवट असते. बोट हेलकावत असेल आणि पाणी फ्लोटच्या पातळीपाशीच डुचमळत असेल तर स्विच मिनिटात अनेकदा चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी संपर्कावर एक खड्डा पडतो. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. संपर्क काळे पडून त्यांचा रोध वाढतो, किंवा ते एकमेकांना वितळून चिकटतात. म्हणून फ्लोट स्विचवर लिहिलेले अँपिअर पंपाच्या करंटपेक्षा बरेच जास्त हवेत. पंप मोठा असेल तर मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला, पण तो तळात नको, वर कोरड्या जागी.

हलणारा भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक स्विच पाण्याची चाहूल सेन्सरने घेतात. अडकायला काही नाही हे खरं, पण सेन्सरवर तेलकट थर बसला की पाणी ओसरलं तरी त्यांना पाणीच ‘दिसत’ राहतं. काही पंप दर थोड्या मिनिटांनी क्षणभर फिरून मोटरवर भार येतो का ते पाहतात आणि त्यावरून पाणी आहे की नाही ठरवतात. कोणी नसताना बोटीतून अधूनमधून घुर्र आवाज येत असेल तर घाबरायच्या आधी पंपाची पुस्तिका पाहा.

पॅनेलवरचा स्विच त्या मानाने सुखात असतो. त्याच्या पाठीमागे सैल झालेली चपटी टर्मिनलं आणि खाऱ्या हवेने आलेला गंज, एवढंच साधारण दिसतं. फ्यूज होल्डरकडे मात्र लक्ष द्या. फ्यूज शाबूत आणि होल्डरची पाती गंजलेली, असं वारंवार घडतं. प्लास्टिकचा होल्डर हाताला गरम लागला किंवा तपकिरी पडलेला दिसला तर तो बदलाच.

हात घालण्याआधी

पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर पहिलं काम नाकाचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असलं तर एक ठिणगी पुरते, आणि स्विच टाकणं म्हणजे ठिणगीच. वास आला तर कोणताही स्विच टाकू नका, चालू असलेला बंदही करू नका, ब्लोअरसुद्धा (इंजिनखोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) लावू नका. माणसं उतरवा, झाकणं उघडा, वारा खेळू द्या, मग गळती शोधा. स्वयंपाकाचा गॅसही असाच तळात उतरतो. पेट्रोलच्या इंजिनखोलीत बसणारे पंप, स्विच, रिले ठिणगी बाहेर न पडू देणारेच हवेत. आयएसओ 8846 हे मानक त्यासाठीच आहे. मोटारगाडीचा रिले तिथे लावणं हा जिवाशी खेळ आहे.

किनाऱ्यावरची 230 व्होल्टची केबल जोडलेली असेल तर ती आधी काढा. नुसता बोटीतला ब्रेकर पाडून भागत नाही. ओल्या तळात चार्जरची किंवा गीझरची वायर कुठे सोललेली असेल ते काम करताना कळून उपयोग नसतो. अशा गळतीने बोटीभोवतीच्या गोड्या पाण्यात पोहणारी माणसंही दगावतात, तेव्हा किनाऱ्याच्या वीजजोडावर वीजगळतीला ट्रिप होणारा ब्रेकर आहे ना हे पाहून ठेवा.

12 व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. धोका शॉकचा नाही, शॉर्टचा आहे. पाना बॅटरीच्या दोन टोकांत आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. अंगठी, कडं, धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवा. आणि लक्षात असू द्या, मेन स्विच बंद केल्याने पंपाची वायर मेलेली नसते. जोड उघडायचा असेल तर ऑटोचा फ्यूज काढून खिशात घाला, म्हणजे दुसरं कोणी तो बसवणार नाही.

तपासणी, क्रमाने

साधा डिजिटल मल्टीमीटर, दोन-तीन मीटर लांबीची एक जास्तीची वायर, टॉर्च आणि दोन बादल्या गोडं पाणी एवढं पुरे.

1. मेन स्विच बंद करा, पॅनेलवरचा स्विच ऑटोवर ठेवा. आता फ्लोट हाताने न उचलता तळात पाणी ओता. हाताने उचलला की अडकलेली बिजागरीही सुटते आणि खरा दोष झाकला जातो. पंप आपोआप सुरू व्हायला हवा, बाहेर पाणी पडायला हवं, पाणी ओसरल्यावर थोड्या वेळात थांबायला हवा. मोजून 20 लिटर ओता आणि उपसायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी हाच आकडा वाढला तर पंप किंवा वायरिंग थकतंय.

2. मॅन्युअलने चालवा. मॅन्युअलवर चालतो पण ऑटोवर नाही, तर दोष फ्लोटमध्ये, त्याच्या जोडांत किंवा ऑटोच्या फ्यूजमध्ये. ऑटोवर चालतो पण मॅन्युअलवर नाही, तर पॅनेलचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. दोन्हीवर नाही, तर दोन्ही वाटांना सामाईक असलेला भाग: पंप, त्याची निगेटिव्ह वायर किंवा जाळीत अडकलेला कचरा.

3. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहा. काही तास चार्जिंग न झालेली भरलेली शिशाची बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. बॅटरीच बसलेली असेल तर पुढचे आकडे काढण्यात अर्थ नाही.

4. आता पंप चालू असताना, म्हणजे खरा भार असताना, पंपाच्या अगदी जवळच्या जोडावर पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधलं व्होल्टेज घ्या.

या चौथ्या पायरीवर जरा थांबू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. पंप बंद असताना किंवा जोड सोडवून मीटर लावला तर कुजलेली वायरही 12.5 व्होल्ट दाखवते. मीटरला करंट लागतो जवळजवळ शून्य, आणि तेवढा एका शाबूत तारेतूनही येतो. पंप लावा, तीच वायर 7 व्होल्टवर कोसळते. मोटर कण्हते, पाणी येत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘व्होल्टेज तर बरोबर आहे, पंपच गेलाय.’ नवा पंप बसतो, तो काही दिवस जुन्यापेक्षा बरा चालतो, आणि पुन्हा तेच.

5. चौथ्या पायरीत पंपाजवळचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडलं असेल तर ते कुठे पडतं हे शोधा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्ह जोडावर. इथे जास्तीची वायर कामाला येते. पंप चालू असताना येणारा आकडा म्हणजे पॉझिटिव्ह बाजूचं नुकसान. मग तसंच निगेटिव्ह बाजूला. निगेटिव्ह बाजू लोक तपासतच नाहीत, आणि कित्येकदा दोष तिथेच निघतो. दोन्हींची बेरीज 0.36 व्होल्टच्या आत, म्हणजे 3 टक्क्यांत असावी.

6. ज्या बाजूला नुकसान जास्त तिचे तुकडे पाडा. फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत मीटर लावा, मग फ्लोट स्विचच्या दोन टोकांत, मग प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे. चालू स्थितीत कुठल्याही एका वस्तूवर 0.1 व्होल्टहून जास्त दिसलं तर ती वस्तू संशयित. फ्लोट वर उचललेला आहे, पंप बंद आहे आणि फ्लोटच्या दोन टोकांत जवळजवळ 12 व्होल्ट दिसतात, तर स्विच आतून जोडतच नाही. बदलून टाका.

7. करंट मोजा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर उत्तम. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. पंपावर लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त करंट असेल तर पंखा अडकतोय किंवा बेअरिंग धरतंय. बराच कमी असेल तर पंप हवेत फिरतोय, हवा अडकली आहे किंवा वाटेत रोध आहे. पंप व्यवस्थित फिरतो, करंटही ठीक, पण पाणी अगदीच कमी येत असेल तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट नाहीत ना पाहा; उलटा फिरणारा पंखाही थोडं पाणी फेकतोच, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. अडकलेली मोटर गरम होत जाते, फ्यूज तिला थांबवतो. मोठा फ्यूज घातला की आग लागायला मोकळी वाट. पंपाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याचाच फ्यूज हवा, आणि तो बॅटरीजवळ. अमेरिकेतल्या एबीवायसीच्या (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) मानकात हे अंतर मूळ 7 इंच, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटर आहे. वायरीला वेगळं संरक्षक आवरण असेल तर सवलत मिळते, पण जवळ बसवता येत असताना लांब नेण्यात काही मिळत नाही.

पंप थांबतच नाही

फ्लोट मोकळा, संपर्क चांगले, तरी पंप दर मिनिट-दोन मिनिटांनी सुरू होतोय? होजमधलं, म्हणजे पंपापासून तोटीपर्यंतच्या नळीतलं, पाणी मोजा. 28 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 3 मीटर होजमध्ये जवळपास पावणेदोन ते दोन लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं परत तळात येतं. तळ अरुंद असेल तर तेवढ्याने फ्लोट पुन्हा उचलला जातो. 5 अँपिअरचा पंप सतत चालला तर 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतली अर्धी ताकद 10 तासांत संपते. सोपा उपाय म्हणून लोक मधे एकदिशा झडप बसवतात. मी त्याच्या विरोधात आहे: कचऱ्याने ती उघडी अडकली तर निरुपयोगी, बंद अडकली तर पंपाची वाटच बंद, आणि तिच्यामुळे पंपात हवा कोंडते. होज आखूड आणि आतून गुळगुळीत घ्या, वळणं कमी करा, फ्लोट थोडा वर घ्या किंवा थांबायला उशीर करणारा स्विच घ्या. फ्लोटचा तळ पंपाच्या तळाच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावा, खाली नको, नाहीतर पंप कोरडा फिरत राहतो.

तोटी पाण्याच्या रेषेच्या फार जवळ असेल तर बोट कलल्यावर बाहेरचं पाणी उलट आत ओढलं जाऊ शकतं. तेव्हा पंप समुद्रच उपसत बसतो. तोटी पुरेशी उंच हवी, आणि होज आधी वर नेऊन मग तोटीकडे उतरवलेला हवा.

न दिसणारी गळती

तळात पडलेल्या सोललेल्या पॉझिटिव्ह वायरीतून करंट पाण्यात उतरतो आणि तिथून धातूच्या फिटिंगमधून, शॅफ्टमधून बाहेरच्या पाण्यात जातो. जाताना धातू खात जातो. नेहमीच्या गंजाला वर्षं लागतात; अशा गळतीने सीकॉक (पाणी आत-बाहेर नेणाऱ्या भोकावरचा बंद करता येणारा नळ) किंवा प्रॉपेलर थोड्या दिवसांत पोखरला जाऊ शकतो. म्हणजे ज्या सर्किटने बोट वाचवायची, तेच पाणी आत यायला भोक पाडून देतं. बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे अचानक फार लवकर झिजायला लागले तर आधी बिल्ज पंपाच्या वायरीवर संशय घ्या.

तपासणी अशी. ऑटोचा फ्यूज काढा आणि होल्डरच्या दोन पात्यांमध्ये मीटर अँपिअरवर लावा. सुरुवात 10 अँपिअरच्या जागेवरून करा, नाहीतर मधेच पंप सुरू झाला तर मीटरचा आतला फ्यूज जाईल. फ्लोट खाली असताना यांत्रिक स्विचला आकडा शून्य हवा. इलेक्ट्रॉनिक स्विच थोडे मिलिअँपिअर घेतो, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त काहीही दिसलं तर ती गळती. ही तपासणी जोड ओले असताना करा. कोरड्या तळात गळती दिसत नाही.

दुरुस्ती टिकेल अशी

वायर कथील चढवलेल्या तांब्याची, बारीक तारांची घ्या. जाडी लांबी पाहून ठरते, आणि लांबी जाऊन-येऊन धरायची. बॅटरीपासून पंप 6 मीटरवर असेल तर वायर 12 मीटर. 5 अँपिअरला 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे 0.7 व्होल्ट जातात, 2.5 मध्ये 0.44, आणि 4 मध्ये सुमारे 0.28. तीन टक्क्यांत बसायचं तर 4 चौरस मिलिमीटरच घ्यावी लागते. घरगुती हिशोबाने हे जास्त वाटतं, पण 12 व्होल्टमध्ये प्रत्येक दशांश मोलाचा आहे.

जुनी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. तसं तांबं लागलंच नाही तर ती अख्खी बदला. जोड आतून गोंद असलेल्या उष्णतेने आकसणाऱ्या कनेक्टरने करा. दाबायला दात्याची योग्य पक्कड हवी, साधी पक्कड नाही. दाबल्यावर हाताने जोरात ओढून पाहा. निघाला तर आत्ताच निघू दे. मग हीट गनने तापवा, दोन्ही टोकांतून गोंदाचा मणी बाहेर डोकावला की आत पाणी जाणार नाही. नुसत्या डागावर (सोल्डरवर) भरवसा नको, डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

जोडाची जागाही महत्त्वाची. तो तळातून जितका वर नेता येईल तितका न्या आणि बांधा. जोडाच्या आधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं, जोडात शिरत नाही. दर 45 सेंटिमीटरवर वायरीला आधार द्या.

एका पंपावर विसंबू नका

पंपाच्या खोक्यावरचा आकडा भुलवणारा असतो. ताशी 2,000 अमेरिकन गॅलन म्हणजे साधारण 7,500 लिटर, पण ते पाणी वर चढवायचं नसताना आणि चार्जिंग चालू असल्यासारखं व्होल्टेज असताना. एक मीटर उंची, वळणदार होज आणि 12 व्होल्ट धरले की त्यातला मोठा भाग गळतो. दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली 30 सेंटिमीटरवर असलेल्या 2.5 सेंटिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण 43 लिटर आत येतात. 60 सेंटिमीटरवरच्या 5 सेंटिमीटरच्या भोकातून मिनिटाला 240 लिटर, म्हणजे ताशी साडेचौदा हजारांच्या घरात. एवढं पाणी असा एक पंप उपसू शकत नाही. पंप झिरपणारं पाणी काढतो आणि मोठ्या गळतीत थोडा वेळ मिळवून देतो.

म्हणून त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर दुसरा, मोठा पंप. त्याला वेगळा फ्लोट, वेगळा फ्यूज, वेगळी तोटी. दुसरा पंप परवडत नसेल तर निदान पाणी चढल्याचा भोंगा तरी लावाच. त्याचा फ्लोट पहिल्या पंपाच्या फ्लोटच्या वर आणि वायरिंग पूर्ण स्वतंत्र. इंजिन चालू असताना सुकाणूपाशी ऐकू जाईल इतका मोठा आवाज हवा. पंप किती वेळा चालला हे मोजणारा छोटा काउंटरही फार कामाचा. आठवड्याला दोनदा चालणारा पंप एकदम रोज वीस वेळा चालायला लागला तर बोट काहीतरी सांगते आहे. आणि हाताने मारायचा पंप हवाच; त्याला वायर नाही.

पाणी चढतंच आहे, तेव्हा

सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा आणि पंप मॅन्युअलवर टाका. एकाने हातपंप धरायचा, दुसऱ्याने पाणी कुठून येतंय ते शोधायचं. सीकॉक, होजचे क्लॅम्प, शॅफ्टचं स्टफिंग बॉक्स (प्रॉपेलरचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं खोकं), सुकाणूची जागा, या क्रमाने पाहा. शंका असेल तर सगळे सीकॉक बंद करा. इंजिनाचा शेवटी, कारण इंजिन चालू असेपर्यंत अल्टरनेटर पंपाला ताकद देतो. इंजिनाच्या थंड पाण्याचाच होज फुटला असेल तर मात्र इंजिन थांबवा, तेच पाणी आत ओततंय. प्रत्येक सीकॉकला निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवलेली असेल तर ती शोधत बसावं लागत नाही.

रेडिओवर लवकर बोला. बॅटऱ्या खाली असतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं की पंपाबरोबर रेडिओही जातो. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर आधी पॅन-पॅन (तातडीची हाक), परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर थेट मेडे (जिवावरच्या संकटाची हाक): बोटीचं नाव, जागा, माणसं किती, काय झालंय. धोका टळला तर हाक मागे घेता येते. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हातातला रेडिओ वेगळा असावा. खारं पाणी शिशाच्या बॅटरीच्या आत गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा बुडालेल्या बॅटरीच्या बंद खोलीत डोकं घालू नका.

किती दिवसांनी काय

बोट वापरात असेल तर महिन्यातून एकदा, आणि लांब सोडून जाताना प्रत्येक वेळी, बादलीची चाचणी. हंगामाच्या सुरुवातीला चौथी आणि पाचवी पायरी, गळतीची मोजणी आणि पंपाची जाळी साफ. त्याच वेळी तळ धुऊन काढा. तेल शोषणारी घडी ठेवत असाल तर ती बांधून ठेवा, मोकळी घडी तरंगत जाऊन फ्लोटखाली बसते. तेलकट पाणी बाहेर न टाकता डब्यात भरून किनाऱ्यावर द्या.

बोटीवर एक जादा फ्लोट स्विच, त्याच आकड्याचे चार-पाच फ्यूज, गोंदवाले कनेक्टर, पक्कड आणि मीटर एका पाणबंद डब्यात ठेवा. डब्याच्या झाकणाच्या आत सर्किटचा हाताने काढलेला नकाशा चिकटवा: ऑटोचा फ्यूज नेमका कुठे आहे, जोड कुठे आहेत, 20 लिटर उपसायला किती सेकंद लागले आणि फ्लोट कधी बदलला.